घर बोलतंय

दुपार कलली आहे, पण बाहेरचा उजेड असा की सकाळ म्हणावी की तिन्हीसांज ते कळू नये. काळवलीच्या बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत, सुचिता कुबल वायरलेस सेटसमोर बसली आहे आणि स्वतःच्या डोळ्यांशी भांडते आहे. डोळे म्हणतात, मिटतो. ती म्हणते, मिटून तर बघा. काल सकाळपासून हे भांडण चाललं आहे आणि आता डोळ्यांची बाजू वरचढ व्हायला लागली आहे. उजव्या हातात माईक, अंगठा त्याच्या बटणावर, पदर कमरेला खोचलेला.

"रवळनाथ, रवळनाथ. घर बोलतंय. जबाब दी. ओव्हर."

बटण सोडायचं आणि कानात प्राण आणून बसायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत आपलं बोलणं जातं, पण कोणाचंच येत नाही. दोन्ही एका वेळी होत नाहीत. वीस वर्षं सेटवर बोललेल्या बाईला हे कोणी सांगायला नको. ती बटण सोडते. सेट खरखरत राहतो. मधेच ती खरखर कोणी गिळल्यासारखी क्षणभर बंद होते, परत येते, परत बंद होते, आणि मग आपली चालूच. सकाळपासून हे असं चाललंय. सोसायटीचे सेक्रेटरी धुरी भावोजी यांनी दरवेळी सेटच्या पाठीवर थापा मारल्या आहेत.

"म्हातारो झालो गो सेट," ते म्हणाले होते. "माणसासारखो. मधीच दम लागता तेका."

रवळनाथ ही कुबलांची होडी. इंजिनाची, चांगली दणकट. सुचिताचा मुलगा भूषण तिचा तांडेल, होडी हाकणारा, आणि त्याच्याबरोबर चार खलाशी. होडी समुद्रात गेली आणि मागाहून वादळाचा इशारा आला. बाकीच्या होड्या पहाटेपर्यंत कशाबशा खाडीत शिरल्या. शेवटची शिरली ती तात्यांची, तिचा नाळीकडचा, पुढचा भाग फुटला, कारण खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर लाट अशी काही फुटते आहे की आता आत यायचं नाव काढू नये. आत यायचं नाही, सरळ देवगड बंदरात जायचं, तिथे आडोसा आहे. एवढाच निरोप. उजाडल्यापासून तो सुचिताच्या जिभेवर तयार आहे. मोबाइल तर किनारा सुटला की मुका होतो. उरला हा सेट.

पण निरोप कसा देणार? अजून जबाब कुठे आलाय?

सेटचा हा कायदा तिला नवऱ्याने शिकवलेला. जबाब नाय तर निरोप नाय. आधी हाक मारायची, पलीकडून "बोल" आलं की मगच काय ते सांगायचं. नाहीतर निरोप वाऱ्यावर जातो, भलत्याच्याच कानी पडतो, आणि आपण मात्र पोचला म्हणून निर्धास्त. तो पक्का शिस्तीचा माणूस आणि ही त्याच्याहून पक्की. म्हणून सकाळपासून ती नुसती हाक मारते आहे आणि जबाब मागते आहे.

आता हाकेचं एक सांगायला हवं. नवऱ्याचं नाव जनार्दन. पण बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि सेटवर तर नाव घेतल्याशिवाय पान हलत नाही. "अवो" म्हटलं तर अर्धा समुद्र "काय गो" म्हणून ओ देईल. तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा माईक हातात आला त्या दिवशी ती लाजत लाजत होडीच्या नावाने बोलली, आणि तेच त्याचं नाव पडलं. बंदरावरच्या बायका तिला चिडवायच्या, "काय गो, तुझो रवळनाथ खंयपर्यंत पोचलो? भूक लागली काय तेका?" घरातसुद्धा ती कधीकधी चुकून "रवळनाथ, जेवूक येवा" म्हणून जायची. पुढे तो गेला. समुद्रात नाही, ओरोसच्या दवाखान्यात, घशात नळी घातलेल्या अवस्थेत, एक शब्द न बोलता. होडी भूषणकडे आली आणि हाकही. नाव तेच राहिलं. त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही.

"मी पोलीस चौकीत जावन येतंय," धुरी भावोजी मघाशी म्हणाले. "नावा देवन येतंय खलाशांची. तू जरा आडवी हो."

ती आडवी होत नाही. ती खुर्चीतच पाठ टेकते.

"रवळनाथ, रवळनाथ. घर बोलतंय. जबाब दी."

ओव्हर म्हणायचं राहून जातं. खरखर कानात भरते. ती खरखर आता कुठून येते आहे ते नीट कळत नाही. जरा खालून येते आहे. तव्यावरून. तव्यात बांगडे टाकलेत आणि तेल तडतडतं आहे, आणि बांगडा उलटायचा तर हातातला माईक कुठे ठेवावा या विचारात ती चुलीपुढे बसली आहे.

"बोल, घर," मागून कोणी म्हणतं. "आयकतंय."

ती मान वळवते. दाराशी पाटावर तो बसला आहे. बनियन, अर्धी पँट, गुडघ्यावर कोपर. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. जाळं ओढायच्या विंचच्या दोराने ते फोडलं होतं आणि मग ते कायम तसंच वाढलं, मधे फट ठेवून. नळी वगैरे काही नाही. दाढी केलेली.

"तुमी?"

"मगे कोण? हाक मारलंस नाय? रवळनाथ, रवळनाथ. सकाळधरना मारतंस. येवक वेळ लागलो, लांब आसंय."

"मी भूषणाक हाक मारी होतंय."

"भूषणाचा नाव भूषण मां? तू रवळनाथ म्हटलंस."

"ता होडयेचा नाव."

"कधीपासना?" तो विचारतो आणि मिशीत हसतो.

सुचिताला हसू येत नाही. सकाळपासून इतक्या हाका मारल्या त्या सगळ्या भलत्याच पत्त्यावर गेल्या की काय? जो यायला हवा तो नाही आला, आणि जो येऊ शकत नाही तो येऊन पाटावर बसला आहे. आणि तरी त्याला बघून तिला बरं वाटतं आहे, याचाही तिला राग येतो.

"आता इलास तर तेका बघा," ती म्हणते. "तुमी वर आसास. वरसून दिसत असतला."

"नाय गो. दिसणा नाय काय. फकत आयकाक येता."

"काय आयकाक येता?"

"तुझा सगळा." तो तव्याकडे बघतो. "परतूचा बघ, करपता हा. हाक काय सरणा नाय, सुचिता. ही जमीन वाकता, समुद्र वाकता, पण हाक वाकणा नाय. ती सरळ जाता. होडयेच्या काठयेक लागली तर लागली, नायतर तशीच फुडे, समुद्रावरसून, वर. तू येकदा सांगलंस, आज कुर्ल्यांचा सार केलंय, गरम आसा तवर येवा. आठवता? माका ता अजून जाताना आयकाक येता. खूप लांब गेलाहा. बारीक झालाहा. पण सार गरमच आसा."

तिच्या डोळ्यांत पाणी येतं. ते तव्यातल्या धुराने आलं असं ती ठरवते. बांगडा उलटायला ती उलथनं घालते, तर तव्यात पाणी आहे, हिरवं, खारं, आणि पायाखाली वाळू. चूल नाही. घर मागे कुठेतरी राहिलं आहे आणि ते दोघं किनाऱ्यावर उभे आहेत. धुकं आहे. माडाला एक दोर बांधलेला आणि दोराचं दुसरं टोक समुद्रात धुक्यात गेलेलं. तो दोर धरून उभा आहे.

"ह्या बघ," तो म्हणतो, आणि दोराला वरखाली एक झटका देतो. दोरात एक वाकण तयार होतं आणि ते वाकण पळत पळत धुक्यात शिरतं. दोर जागच्या जागीच राहतो.

"दोर गेलो काय? नाय. हेलकावो गेलो. आपल्या सोसायटीच्या पायपावर ती काठी आसा मां, तुमी अँटेना म्हणतास ती, तिच्यात वीज अशीच वरखाली धावता. ही काठी हालली की थयली काठी हालता. मधी दोर नाय, वायर नाय, काय नाय. तरी हालता."

"थय कोण आसा?"

"दुसरी काठी."

"ती कोणाच्या होडयेवर आसा, ता सांगा."

"ता कसा सांगू? माका धुक्यातला दिसणा नाय, तुका सांगलंय मां."

ती त्याच्या हातातून दोर घेते आणि जीव खाऊन हलवते. वाकण जातं. धुक्यात जातं. ती थांबते, टोकाकडून काही परत येतं का बघते. दोर लोंबतो आहे. ती पुन्हा हलवते. जिवंत असताना तो असा वायरलेसचा धडा घ्यायला बसला की तिला जांभया यायच्या. आज ती एकेक शब्द पकडून ठेवते आहे, कारण त्यात कुठेतरी भूषण असेल असं तिला वाटतं. पण धड्यात भूषण नाही. धड्यात नुसत्या काठ्या आहेत.

"वर चढा," ती म्हणते. "वरसून लांबचा दिसता. तुमीच सांगी होतास. दिवो जितको उंच, तितको लांबसून दिसता, तसा ह्या."

"तसाच आसा ता," तो म्हणतो, आणि चढायला लागतो. कशावर चढतो आहे ते बघायला ती मान वर करते. माड होता, आता सोसायटीच्या छपरावरचा पाइप आहे. तो तरुणपणी चढायचा तसा सरसर चढतो. तळपाय दिसतात, टाचांना भेगा.

"काय दिसता?"

"पाणी."

"अजून चढा."

"पाणीच आसा गो."

"अजून वर जावा. तुमच्या पाया पडतंय, जरा वर जावा."

वरून आवाज येतो, अगदी हळू, जणू त्यालाच वाईट वाटतं आहे. "काठी सरली. हेच्या फुडे काय नाय. मी कितीय चढलंय तरी समुद्र फुडे वाकलेलोच आसतलो. कोणाच्या तरी नजरेआड कोण तरी रवतलोच."

तिने पाइपाला मिठी मारली आहे. हात थंडगार पडलेत. हलवून बघते, खाली चाकं आहेत, पाइप जरासा सरकतो. वर सलाइनची बाटली टांगलेली आहे. फिनेलचा वास. ओरोसच्या दवाखान्यातला तोच वॉर्ड, तीच खाट, हिरवी चादर, आणि खाटेवर तो, घशात नळी, डोळे मिटलेले. मशीन श्वास घेतं आहे त्याच्या वतीने. सुचिता स्टुलावर बसलेली आहे. ती कधी उठलीच नव्हती असं तिला वाटतं.

आणि ती बोलते आहे. तेव्हा बोलत होती तसंच. "अवो, आयकतास मां? हां म्हणा. मान तरी हालवा. अवो, मी बोलतंय, सुचिता. आयकाक येता काय? जबाब द्या. जरासो जबाब द्या." सगळे दिवस हेच. त्याचा हात आपल्या डाव्या तळहातावर ठेवून हेच. दुसरं काही तिला सांगायचं होतं, मनात ओळीने लावून ठेवलं होतं. पण तो हां म्हणाला की मग सांगू, असं करत ते राहिलं आणि एका संध्याकाळी मशीन बंद केलं.

त्याचा अंगठा तिच्या तळव्यावर दाबला जातो. सुटतो. परत दाबला जातो.

"सिस्टर, हात हलवला त्यांनी!"

"मावशी, ते बेशुद्ध आहेत," पाठीमागून सिस्टर म्हणते. आवाज गोड आहे आणि दमलेला. "स्नायू आपोआप हलतात. त्यात काही नसतं."

सिस्टर जाते. खाटेशेजारच्या टेबलावर औषधं असायची, तिथे सोसायटीचा सेट आहे. खरखरतो आहे. खरखर क्षणभर बंद होते. परत सुरू. परत बंद. आणि मग सेटमधून त्याचा आवाज येतो, खाटेवरचे ओठ न हलता.

"सुचिता, बटण दाबी होतंय मी."

ती त्याच्या तोंडाकडे बघते, सेटकडे बघते.

"कसला बटण?"

"माईक भिजलो तर आवाज जाणा नाय. पण बटण जिता रवता. नुसता बटण दाबला, तरी काठी हालता. बोलणा जाणा नाय, नुसती काठी हालता. मगे पलीकडच्या सेटाची खरखर गप होता. आमी समुद्रात तसाच करू. दोनदा गप म्हंजे, आयकलंय, पण बोलाक येणा नाय. ह्या नळयेन माझो माईक भिजवलो. बटण तेवढा होता. ता मी दाबी होतंय."

"माका ह्या कधी सांगूक नाय तुमी."

"तुका कित्याक सांगतलंय? तुका कायम जबाब मिळी होतो. माझो माईक कधी भिजाकच नाय होतो."

सुचिताच्या छातीत काहीतरी सुटल्यासारखं होतं आणि ते कुठे जाऊन पडेल याची तिला भीती वाटते. तो ऐकत होता. इतके दिवस तो ऐकत होता, हो म्हणत होता, अंगठ्याने म्हणत होता. आणि ती त्याला परत परत तेच विचारत होती, ऐकतास का, ऐकतास का. वेडी बाई! ऐकणाऱ्याला आणखी काय करता येतं?

"जबाब नाय तर निरोप नाय," ती पुटपुटते. "तुमीच शिकवलास."

"शिकवलंय खरा. बोलत्या माणसाक ता बरोबर. पण जेका बोलाक येणा नाय, तेच्याकडे जबाब मागून काय करतलंस? तेका सांगूचा ता सांगून टाकूचा. पोचला तर पोचला."

"आणि नाय पोचला तर?"

सेट खरखरतो. मेलेल्या माणसाला सगळं कळतं असं कोण म्हणतं? तो बिचारा जिवंत असताना जेवढं जाणत होता तेवढंच अजून जाणतो.

"भूषणाचो माईक भिजलोहा काय?" ती विचारते. "तेवढा सांगा."

"ठावक नाय."

"तो जितो आसा मां?"

"सुचिता, माका ठावक नाय गो. मी तुका खोटा कसा सांगू?" आता आवाज खाटेवरून येतो आहे, नळीच्या आडून, घोगरा. "तू माका काय सांगूचा होता, ता सांग. थंयसर बसान माका तेवढाच आयकाक येवक नाय."

ते वाक्य तिला पाठ आहे. इतकी वर्षं रोज दिवा लावताना ती ते मनात म्हणते. तुमी जावा. भूषणाची काळजी करू नकात, तेच्याकडे मी बघतंय. एवढंच. पण आज ते कसं म्हणायचं? आज कोणत्या तोंडाने? जो मुलगा तिने सांभाळायचा तो धुक्यात आहे, आणि ती त्याच्याकडे बघते आहे म्हणजे काय करते आहे, तर एका खोक्यासमोर बसून नुसती हाका मारते आहे. बघायला दिसतं कुठे?

"माझ्यान काय जावक नाय," ती म्हणते. "तेच्याकडे बघूचा होता. माझ्यान जावक नाय. माझ्या हातात काय नाय, अवो."

त्याचा अंगठा तिच्या तळव्यावर टेकलेला आहे, वाट बघतो आहे. खिडकीबाहेर समुद्र आलेला आहे, खिडकीच्या चौकटीपर्यंत, करडा, आणि वॉर्डची फरशी हळूहळू कलते आहे. औषधाची ट्रॉली आपोआप भिंतीकडे जाते.

"तुमी जावा," ती शेवटी म्हणते. रडत म्हणते, आणि ऐकतास का ते विचारत नाही. "भूषणाकडे मी बघतंय. जमात तसा बघतंय. तुमी जावा."

अंगठा दाबला जातो. मघापेक्षा जोरात. सुटतो. परत दाबला जातो, इतका जोरात की नख रुततं, आणि ती "आई गो" म्हणून ओरडते.

ती स्वतःच्याच आवाजाने जागी होते.

सोसायटीची खोली. छपराचे पत्रे वाऱ्याने थडथडत आहेत. मान अवघडली आहे, माईक मांडीवर पडला आहे, सेट खरखरतो आहे. बाहेरचा तोच उजेड. डावा तळवा दुखतो आहे. ती तो दिव्याकडे धरते. अंगठ्याच्या मुळाशी नखाची खूण आहे, ताजी, लाल. एक आडवी चंद्रकोर आणि मधोमध तुटलेली. फटीच्या अलीकडे अर्धी, पलीकडे अर्धी.

ती आपली नखं बघते. मासळी साफ करणाऱ्या बाईची नखं, मांसापर्यंत कापलेली. फट एकालाही नाही. पण हे कोणाला सांगत बसायची ही वेळ नाही, आणि तिला घाबरायलाही सवड नाही. सेटची खरखर मधेच गिळल्यासारखी होते तेव्हा ती डोळे मोठे करून सेटकडे बघते.

सकाळपासून. अरे देवा, सकाळपासून!

ती माईक उचलते. तिला विचारायचं आहे, भूषणा, तूच ना रे? आयकतंस मां रे बाबू? ते अगदी ओठांवर येतं. ती दात दाबते आणि बटण दाबते.

"भूषण, भूषण. घर बोलतंय. आये बोलता. जबाब दी नको. नुसता आयक. खाडयेत येव नको. खाडयेच्या तोंडार लाट फुटता हा, तात्यांची होडी फुटली. आत येव नको. देवगडाक जा. देवगडच्या बंदरात आडोसो आसा, बाकीच्यो परगावच्यो होडयो थयच गेल्योहत. सांगतंय ता कर. खाडयेत येव नको, देवगडाक जा." तिचा आवाज फुटतो, ती तो आवरते. "पोरांका सगळ्यांका दोर बांधून घेवक सांग. घाबरा नको. ओव्हर."

ती बटण सोडते.

खरखर. नुसती खरखर. दाराशी धुरी भावोजी आलेले आहेत, छत्री उलटी झालेली, हातात चहाचा ग्लास, त्यावर झाकण म्हणून बशी.

खरखर बंद होते.

खोलीत एकदम शांत होतं. पत्र्यावरचा वारा ऐकू येतो. मग खरखर परत येते. आणि परत बंद होते.

"हेका काय झालां मेल्याक," धुरी म्हणतात, ग्लास टेबलावर ठेवतात आणि सेटच्या पाठीवर थाप मारायला हात उचलतात.

सुचिता त्यांचं मनगट धरते. सोसायटीच्या सेक्रेटरीचं, मोठ्या दिराच्या जागी असलेल्या माणसाचं मनगट तिने आजवर कधी धरलेलं नाही.

"हात लावू नकात, भावोजी. तो आयकता हा."

"कोण आयकता?"

कोण, ते तिला तरी छातीठोक कुठे सांगता येणार आहे? सेट म्हातारा असेल. भूषण असेल. ऐकलं असेल तरी देवगड लांब आहे, वारा तोंडावर आहे, होडीत पाच जीव आहेत आणि यातलं काहीही तिच्या हातात नाही. तिच्या हातात एक बटण आहे. खरखर पुन्हा सुरू झाली आहे आणि आता ती मधे तुटत नाही, एकसारखी चालली आहे.

धुरी हळूच मनगट सोडवून घेतात आणि बाकावर बसतात. चहावर साय धरते. तळव्यातली खूण फिकी व्हायला लागली आहे, नखांच्या खुणा होतात तशी. सुचिता मूठ मिटते, बटण दाबते आणि निरोप पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागते.